टायटॅनोसॉर : बालपरिचय

टायटॅनोसॉर हा लांब मान, लांब शेपूट आणि खांबांसारखे चार पाय असलेल्या शाकाहारी महाकाय डायनासोरांचा गट आहे. सॉरोपॉड या मोठ्या गटाची ही सर्वांत उशिरापर्यंत टिकलेली शाखा. भारतात हे प्राणी सुमारे ७ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी वावरत होते. त्यांची हाडे, अंडी आणि विष्ठा गुजरात, मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील लमेटा नावाच्या खडकथरांत सापडते. हे थर दख्खनच्या काळ्या बेसाल्टखाली किंवा त्याच्या सुरुवातीच्या लाव्हाथरांमध्ये आढळतात. सुरतेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या दृष्टीने हा प्राणी दोन्हीकडचा आहे: त्याची अंडी गुजरातेत, तर सांगाडा विदर्भात सापडला.

नाव. ग्रीक पुराणातील टायटन या महाकाय देवांवरून व ‘सॉरस’ म्हणजे सरडा यावरून हे नाव पडले. १८२८ मध्ये जबलपूरजवळ विल्यम स्लीमन यांना शेपटीचे काही मणके मिळाले. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले अधिकारी ते हेच. या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनासोर होय.

शरीर व आहार. लांब मानेमुळे एकाच जागी उभे राहून बराच पाला ओरबाडता येई. मानेचे मणके आतून पोकळ असल्याने ती आकाराच्या मानाने हलकी असे. दात बारीक, पेन्सिलीसारखे होते. त्यांनी पाने तोडता येत, पण चावता येत नसत. घास तसाच गिळला जाई आणि पुढचे काम मोठे पोट करी.

त्यांच्या जेवणाचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळाला. तेथील दगड झालेल्या विष्ठेत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले आणि २००५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. डायनासोरांच्या काळात गवताचे एवढे प्रकार असतील, अशी तोवर कल्पना नव्हती. भाताच्या जवळच्या नात्यातले गवतही त्यांत होते. डायनासोरच्या शेणाचा विषय निघाला की लहान मुले हसतात. पण तो काय खात होता, हे ठाऊक झाले ते त्या शेणामुळेच.

गुजरातमधील अवशेष. महिसागर जिल्ह्यातील बालासिनोरजवळच्या रैयोली गावी १९८१ मध्ये भूवैज्ञानिकांना डायनासोरांचे अवशेष सापडले. तेथे आता जीवाश्म उद्यान आहे आणि २०१९ पासून संग्रहालयही आहे. सुरतेहून वडोदऱ्याच्या पुढे उत्तरेला जावे लागते. या भागातील टायटॅनोसॉरची अंडी गोल असून त्यांचा व्यास साधारण १६ सेंटिमीटर, म्हणजे फुटबॉलपेक्षा कमी असतो. इतक्या मोठ्या प्राण्याचे अंडे एवढेच, याचे मुलांना नवल वाटते.

ढोली डुंगरी येथील एका घरट्याची कथा विशेष आहे. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी तेथील अंडी आणि पिलाच्या हाडांची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये तोच दगड पाहताना जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांना त्यात सापाचे मणके ओळखू आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला होता. शेजारी जेमतेम अर्धा मीटर लांबीचे पिल्लू होते. सर्व जण एकाच वेळी गाळाखाली गाडले गेले. २०१० मध्ये या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले.

महाराष्ट्रातील अवशेष. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथील टेकडीवर एका टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून २००३ मध्ये त्याला ‘आयसिसॉरस’ म्हटले गेले. त्याचे पुढचे पाय लांब होते. त्याच्या लांबीचे अंदाज ११ ते १८ मीटर असे वेगवेगळे आहेत.

टायटॅनोसॉरहून कितीतरी जुना सॉरोपॉड म्हणजे जुरासिक काळातील ‘बारापासॉरस टागोराय’. तो गडचिरोलीतील सिरोंचालगत, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडला. नावातील ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत ‘मोठा पाय’. मराठी मुले मात्र हटकून बारा पाय मोजायला निघतात. पाय चारच. त्यांतील मांडीचे हाड १.७ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या उंचीएवढे आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास उत्खनन झाल्याने त्यांचे नाव जोडले गेले. सांगाडा कोलकात्यात उभा आहे.

मुलांना ओळख करून देताना. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘१८ मीटर’ किंवा ‘७ कोटी वर्षे’ यांतून काही बोध होत नाही. त्याला हातात मावणारे माप लागते. सुरतेत ते घरातच असते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. दोन साड्या टोकाला टोक लावून अंगणात किंवा गच्चीवर पसरल्या की ११ मीटर होतात, म्हणजे आयसिसॉरसचा सर्वांत लहान अंदाज. मोठ्या अंदाजासाठी तिसरी साडी जोडावी आणि पुढे दीड मीटर खडूने रेघ ओढावी. आजीच्या नऊवारी असतील, तर तीन सहावारींचे काम दोनांतच होते. मग रेघेच्या एका टोकाला पिठाच्या गोळ्याचे १६ सेंटिमीटरचे अंडे ठेवावे. अंड्यापासून साडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत मूल चालत गेले की पिल्लू किती वाढले, हे त्याच्या पायांना कळते.

नेहमीचे गैरसमज. सगळे डायनासोर मांसाहारी नव्हते. रैयोलीच्याच परिसरातील राजासॉरस हा शिकारी होता, टायटॅनोसॉर पालाच खाई. डायनासोर आणि माणूस कधी एकत्र राहिले नाहीत, त्यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे. सगळे डायनासोर नष्टही झाले नाहीत. पक्षी हे त्यांचेच वंशज, पण टायटॅनोसॉरचे नव्हेत, तर राजासॉरस ज्या मांसाहारी गटातला त्याच गटातले. म्हणून खिडकीतले कबूतर टायटॅनोसॉरचे नातू नसून लांबचे चुलत नातलग ठरते.