ऑक्सिजनन्यूनता आणि रक्तवाहिन्यांची वाढ

ऊतकाला (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहाला) ऑक्सिजन अपुरा पडू लागला म्हणजे त्यातील कोशिका रासायनिक संदेश सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तर कोशिका त्या दिशेने वाढून नवे फाटे तयार करतात. गर्भाची घडण, जखम भरणे व कर्काच्या गाठींचे पोषण यांत हा प्रतिसाद आढळतो. त्याचे ज्ञान ज्या वाटांनी होत गेले, त्यांपैकी एक वाट डोळ्याच्या जालपटलातून (प्रकाशसंवेदी पडद्यातून) आणि एका वैद्यकीय दुर्घटनेतून गेली.

बॉस्टन येथील नेत्रवैद्य टी. एल. टेरी यांनी १९४२ मध्ये अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या डोळ्यांत भिंगामागे तंतुमय पडदा धरत असल्याचे नोंदविले. पुढील सु. बारा वर्षांत जगात सु. १०,००० बालके या विकाराने अंध झाली असावीत. विशेष म्हणजे सुसज्ज रुग्णालयांतच त्याचे प्रमाण अधिक होते. प्रकाश, जीवनसत्त्वांची उणीव अशा अनेक कारणांचा संशय घेण्यात आला. परंतु मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये ऑक्सिजनाच्या सढळ वापराकडे बोट दाखविले. अर्भकाचा जीव वाचविण्यासाठी दिलेला वायूच दृष्टी हिरावून घेत असेल, हे अनेकांना पटणे कठीण होते. अमेरिकेतील १८ रुग्णालयांत १९५३-५४ मध्ये झालेल्या पाहणीने मात्र ते सिद्ध झाले.

याचा उलगडा करण्यास आय. सी. मायकेलसन यांचे १९४८ मधील निरीक्षण उपयोगी पडले. जालपटलातील रोहिण्यांभोवती, म्हणजे जेथे ऑक्सिजन मुबलक असतो तेथे, केशवाहिन्यांविरहित पट्टा असतो. यावरून वाहिन्यांची वाढ घडविणारा, ऊतकात पसरणारा एखादा पदार्थ असावा, असे अनुमान त्यांनी केले. लंडनच्या नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या नवजात पिलांना विपुल ऑक्सिजनात ठेवले, तेव्हा जालपटलातील कोवळ्या वाहिन्या नष्ट झाल्या. साध्या हवेत आणल्यावर मात्र त्या बेबंद वाढल्या. गर्भाशयात ऑक्सिजन मुळात कमी असतो व त्या उणिवेमुळेच जालपटलात वाहिन्या पसरत जातात. अतिरिक्त ऑक्सिजनाने हा संदेश थांबतो. पुढे वाहिन्यांविरहित जालपटलाची गरज वाढली, की तो अतिरेकी तीव्रतेने परततो.

१९५४ नंतर ऑक्सिजनावर कडक मर्यादा आल्या आणि अंधत्व घटले. त्याची किंमत मात्र फार काळ हिशेबात धरली गेली नाही. के. डब्ल्यू. क्रॉस यांनी १९७३ मध्ये अंदाज बांधला, की वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सु. १६ बालके मृत्यू पावली असावीत.

मायकेलसन यांच्या अनुमानातील पदार्थ हाती येण्यास चार दशके लागली. १९८३ मध्ये वाहिन्या पाझरत्या करणारे एक प्रथिन डी. आर. सेंगर व सहकाऱ्यांना मिळाले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी शुद्ध केलेले ‘व्हीईजीएफ’ हे वाढघटक प्रथिन तेच असल्याचे दिसून आले. १९९२ मध्ये जेरूसलेमच्या एली केशेट व सहकाऱ्यांनी ऑक्सिजनन्यूनतेने त्याची निर्मिती वाढते, हे दाखविले. १९९५ मध्ये त्यांच्याच गटाला आढळले, की अतिरिक्त ऑक्सिजनात हे प्रथिन घटते व त्याच्या अभावी कोवळ्या अंतःस्तर कोशिका मरतात. ॲश्टन यांच्या प्रयोगाचे उत्तर ते हेच. कोशिकेला उणीव कळते कशी, हा प्रश्न ‘एचआयएफ’ या प्रथिनाच्या शोधाने सुटला : ऑक्सिजन पुरेसा असता ते सतत मोडले जाते, नसता ते साठून संबंधित जनुके जागृत करते. या कार्याबद्दल ग्रेग सेमेंझा, पीटर रॅटक्लिफ व विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हीईजीएफ रोखणारी औषधे आता अशा अर्भकांच्या डोळ्यांत टोचली जातात. ऑक्सिजनाच्या मात्रेचा पेच मात्र मिटलेला नाही. २४ ते २७ आठवड्यांच्या १,३१६ अर्भकांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत रक्तातील ऑक्सिजन-संपृक्तता ८५–८९ टक्के ठेवलेल्या गटात जगलेल्यांपैकी ८·६ टक्क्यांना तीव्र जालपटल विकार झाला, तर ९१–९५ टक्क्यांच्या गटात १७·९ टक्क्यांना. मृत्यूचे प्रमाण मात्र पहिल्या गटात १९·९ टक्के व दुसऱ्यात १६·२ टक्के होते.