नमुन्याचा धागा

आईच्या शिवणाच्या डब्यात १५ पैशांच्या पोस्टकार्डाचा एक तुकडा सापडला. त्याला भोक पाडून वीतभर गुलबक्षी लोकर ओवलेली, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘याच लॉटची, दोन लडी.’ कोपरगावातल्या घरगुती विणकामाचा माझ्या हाती लागलेला हा एकमेव लेखी पुरावा.

१८७८मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. मनमाडवरून मुंबई आणि दौंडवरून पुणं कोपरगावला जवळ आलं. या मार्गाचा इतिहास लिहिताना आपण ऊस-साखर मोजतो; पिशवीतून आलेली लोकर कोण मोजणार? शेजारच्या येवल्यात पैठणीसाठी बंगळूरचं रेशीम आणि सुरतेची जर येते. तो धंदा, त्यामुळे त्याचा हिशेब राहतो. स्वेटरच्या लोकरीची पावती कुणी जपत नाही.

आमच्याकडे पुण्याला निघालेल्या माणसाच्या खिशात असा धागा असायचाच. रविवार पेठेत, बोहरी आळीत तो दुकानाबाहेर आणून उन्हात ताडून बघायचा, अशी आईची सक्त ताकीद. एकाच छटेची लोकरही वेगवेगळ्या वेळी रंगवली की किंचित वेगळी उतरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जाणाऱ्या पुरुषांना मात्र गुलबक्षी म्हणजे गुलबक्षी! (मीही त्यातलाच.)

धाकट्या बहिणीचा शाळेतला स्वेटर अजून आहे. त्याची डावी बाही कोपराखाली जरा गडद आहे. धुऊन धुऊन बाकीचा विटला असेल, असं मी इतकी वर्षं समजत होतो. परवा तो धागा बाहीवर ठेवून अंगणात पाहिला. कोपराच्या वर जुळतो. खाली जुळत नाही.