चिठ्ठी लिहिणारा

म्हाळुंग्याकडून निघोज्यात येताना एका कारखान्याच्या फाटकाबाहेर युनियनचा बोर्ड आहे. पत्रा जुना, खालचा कोपरा गंजलेला, पण नावं निवडणुकीनंतर ताजी रंगवलेली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि मग सदस्य. गेल्या पावसाळ्यात बसची वाट बघत तिथे उभा होतो. शेजारी पहिली पाळी सुटून आलेला विशीतला एक मुलगा होता. बोर्ड वाचून त्याने विचारलं, "काका, सरचिटणीस म्हणजे अध्यक्षाच्या वर का खाली?"

"खाली," मी म्हणालो. बस आली, तो गेला. उत्तर मात्र मला बोचत राहिलं. बोर्डावर तो खालीच असतो, पण विसाव्या शतकातली सगळ्यात अवाढव्य सत्ता याच पदावर बसून उभी राहिली होती, आणि हे मला ठाऊक होतं.

शब्द तसा गरीब आहे. चिटणीस म्हणजे चिठ्ठी लिहिणारा. फारसीत 'नविश्तन' म्हणजे लिहिणं, त्यातला 'नवीस' मराठीत येऊन 'नीस' झाला आणि आपल्या आडनावांत मुरला. फर्द, म्हणजे कागदाचा ताव किंवा यादी, लिहिणारा तो फडणीस. घडलेल्या गोष्टी टिपणारा वाकनीस. फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस. 'सर' म्हणजे डोकं, मुख्य. तेव्हा सरचिटणीस म्हणजे मुख्य लेखनिक. इंग्रजीतला 'सेक्रेटरी' हा लॅटिनमधल्या गुपितावरून आला, गुपित सांभाळणारा. आपला शब्द लिहिण्यावर थांबला, त्यांचा लपवण्यापर्यंत गेला.

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. महाराजांनी पत्र लिहायला सांगितलं होतं, ते लिहून झालं नव्हतं. रात्री महाराजांनी "वाचा" म्हटल्यावर बाळाजींनी कोरा कागद समोर धरून सगळं पत्र घडाघडा वाचून दाखवलं. ही गोष्ट आपण हुशारीची म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. सांगणाऱ्याचा शब्द कुठे संपतो आणि लिहिणाऱ्याचा कुठे सुरू होतो, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

आता दुसरा शब्द, सांगणाऱ्याचा. 'डिक्टेटर' हा लॅटिन 'दिक्तारे'वरून आला: पुन्हा पुन्हा सांगणं, सांगून लिहवून घेणं. शाळेत बाई डिक्टेशन घालायच्या, तेच क्रियापद. त्याच्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात 'दिश्' होऊन बसला. आदेश, निर्देश, उपदेश, दिशा ही सगळी डिक्टेटरची नात्यातली माणसं. रोममध्ये डिक्टेटर हे कायदेशीर पद होतं, संकटापुरतं आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सीझरने ते तहहयात करून घेतलं. मराठीने या शब्दासाठी अरबी 'हुकूम' घेतला आणि फारसी 'शहा' जोडला. हिंदीने 'तानाशाह' पत्करला. त्याचं नातं गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन याच्या 'तानाशाह' या टोपणनावाशी लावतात. १६७७ मध्ये महाराज भागानगरला ज्याला भेटले, तोच हा. त्या सुलतानावर हा अन्याय आहे असं मला नेहमी वाटतं.

एक लिहिणारा आणि एक सांगणारा. रशियात १९२२ साली या दोघांच्या जागा बदलल्या.

३ एप्रिल १९२२ रोजी बोल्शेविक पक्षाच्या केंद्रीय समितीने स्टालिनला सरचिटणीस केलं. बड्या नेत्यांना हे पद कारकुनी वाटत होतं. ट्रॉट्स्कीजवळ लेखणी आणि लाल सैन्याची कीर्ती होती, झिनोव्हिएव्हजवळ कम्युनिस्ट इंटरनॅशनल, बुखारिनजवळ सिद्धान्त. नोंदीची कार्डं सांभाळणाऱ्या या माणसाला काही जण 'कॉम्रेड कार्डपेटी' म्हणत. त्या पेटीत काय होतं, ते बघायला हवं. नोंद आणि नेमणूक असा एक विभागच सचिवालयात होता. कुठल्या प्रांतात कोण चिटणीस जाईल, कोणाची बदली सैबेरियात होईल, हे तिथून ठरे. प्रांताचा चिटणीस अधिवेशनाला कोण प्रतिनिधी जाणार ते बघे. प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडत आणि केंद्रीय समिती सरचिटणीस निवडे. रहाटाचं चाक फिरून पुन्हा त्याच विहिरीवर यायचं. नेमणुकांच्या या यादीला नाव पडलं 'नोमेनक्लातुरा'. शब्द लॅटिन, अर्थ नामावली, आणि आपल्या 'नाम'चाच सख्खा. रोममध्ये धन्याच्या कानात समोरून येणाऱ्या माणसाचं नाव कुजबुजणारा गुलाम असे, तो 'नोमेनक्लातोर'. नाव सांगणारा गुलाम होता. इथे नाव लिहिणारा धनी झाला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेनिन अंथरुणाला खिळला होता. उजवा हात चालेना. डॉक्टरांनी आणि पक्षाने दिवसातून पाच-दहा मिनिटं मजकूर सांगायची परवानगी दिली, आणि त्याच्या प्रकृतीची देखरेख पक्षाने स्टालिनकडेच सोपवली होती. त्या पाच-दहा मिनिटांत लेनिनने लेखनिक बायकांना तुटक तुटक सांगितलं की सरचिटणीस झाल्यापासून स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली आहे आणि ती तो जपून वापरेल याची खात्री नाही. ४ जानेवारी १९२३ ला पुरवणी जोडली: याला या पदावरून हलवा. शब्दाच्या मूळ अर्थाने त्या खोलीतला डिक्टेटर लेनिन होता, सांगून लिहवून घेणारा. आणि त्याच्या हाती काही उरलं नव्हतं. मे १९२४ च्या अधिवेशनात तो मजकूर प्रतिनिधींच्या गटागटांत वाचून दाखवला, छापला नाही, आणि स्टालिन जागेवर राहिला. हे वाचताना मला अजून गलबलून येतं. माणूस मरताना चिठ्ठी लिहवतो आणि ती चिठ्ठी चिटणिसाच्या फायलीत जाते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ट्रॉट्स्कीची १९२७ मध्ये पक्षातून हकालपट्टी. झिनोव्हिएव्ह आणि त्याचा साथी कामेनेव्ह यांना १९३६ मध्ये गोळ्या, बुखारिनला १९३८ मध्ये. १९३४ च्या अधिवेशनाला १९६६ प्रतिनिधी होते. त्यांतल्या ११०८ जणांना पुढे अटक झाल्याचं १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने सांगितलं. या सगळ्याला रशियन शब्द होता 'चिस्तका', साफसफाई. १९२१ मध्ये त्याचा अर्थ सभासदांची छाननी एवढाच होता. आणि स्टालिनचं खरं आडनाव जुगाश्विली; 'स्टालिन' हे घेतलेलं नाव, 'स्ताल' म्हणजे पोलाद यावरून. आमच्या रस्त्यावर पोलादाची वेटोळी लादलेले ट्रेलर दिवसभर जातात. चाकाएवढी उंच गुंडाळी, साखळदंडाने करकचून बांधलेली. ती बघितली की हे नाव आठवल्याशिवाय राहत नाही.

सत्तेकडे जाणारी ही वाट लेखणीची. दुसरी वाट तोंडाची. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याच्या पत्त्यात निघोज्याचं नाव आहे. २००९ मध्ये तो सुरू झाला. फोक्सवॅगन म्हणजे लोकांची गाडी. १९३८ मध्ये जर्मनीत तिच्या पहिल्या कारखान्याची कोनशिला हिटलरने बसवली. तो माणूस सप्टेंबर १९१९ मध्ये जर्मन कामगार पक्षात शिरला. वक्ता म्हणून गर्दी खेचू लागला. जुलै १९२१ मध्ये राजीनामा भिरकावला, परत यायची अट म्हणून सर्वाधिकार मागितले आणि महिना संपायच्या आत मिळवले. पक्षाला त्याच्या आवाजाची गरज होती, एवढं त्याला पुरलं. 'लोक' हा शब्द मात्र गाडीवर राहून गेला, आणि युद्धानंतर चांगल्या हातांत गेला, हे बरं झालं.

आपल्याकडे? नाना फडणिसांचं नाव घेताना मी कचरतो, कारण त्यांना हुकूमशहा म्हणणं अन्यायाचं होईल. पण घडामोडींचा आकार ओळखीचा आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारा भावांनी मिळून कारभार हाती घेतला, म्हणून बारभाई. १७७९ मध्ये त्यांतले सखारामबापू बोकील कैदेत गेले, आणि बारा भावांचा कारभार उरला तो याद्या लिहिणाऱ्या एका फडणिसाच्या हाती.

आणि सरचिटणीस हेच पद मिळालेले एक मराठी गृहस्थ म्हणजे कॉम्रेड बी. टी. रणदिवे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात पी. सी. जोशींच्या जागी ते आले. उठावाची वेळ आली आहे ही त्यांची मनापासूनची खात्री होती. मार्च १९४९ चा रेल्वे संप फसला, जोशींनाच पक्षाबाहेर काढलं गेलं, हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. जानेवारी १९५० मध्ये कॉमिन्फॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मुखपत्रात वेगळी वाट दाखवणारा अग्रलेख आला आणि त्याच वर्षी रणदिव्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे १९७० मध्ये ते 'सिटू' या कामगार संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या हाती पक्ष होता, राज्य नव्हतं. सरचिटणिसाला हटवता येत होतं. तरी हटवण्याची दिशा मिळाली ती बाहेरून, मोठ्या सरचिटणिसाच्या छायेतल्या कागदावरून.

मी हे लांबून बोलत नाही. एका छोट्या युनियनचा मी बारा वर्षं चिटणीस होतो. सभेची नोटीस, विषयपत्रिका, इतिवृत्त, सभासदांची वही, सगळं माझ्या हातचं. एका वार्षिक सभेत आमच्यातल्या एकाला वर्गणीच्या हिशोबावर बोलायचं होतं. मी त्याचा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' यात टाकला. मला माहीत होतं की तिथपर्यंत यायच्या आत दुसऱ्या पाळीचा भोंगा होईल. तसाच झाला. माणसं उठली. तो हातात कागद घेऊन उभा राहिला होता. इतिवृत्तात मी लिहिलं, 'आयत्या वेळचा कोणताही विषय न आल्याने सभा संपली.' त्या ओळीखाली माझी सही आहे.

बसची वाट बघणारा तो मुलगा पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच थांब्यावर भेटला. "त्या दिवशी चुकीचं सांगितलं मी तुला," म्हणालो. "बोर्डावर खाली, पण वही त्याच्याकडे." तो हसला. "आता वही कुठे काका, सगळं ग्रुपवर असतं." आणि त्याने फोन दाखवला. युनियनचा ग्रुप, दोनशेवर माणसं. ॲडमिन कोण, विचारलं. सरचिटणीस. ॲडमिनमधला 'मिन' हा लॅटिन 'मिनिस्तेर'चा, त्याचा अर्थ सेवक, हे मी त्याला सांगणार होतो. पण तो पडद्याच्या तळाशी बोट दाखवत होता. जिथे मजकूर लिहायची जागा असते, तिथे करड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.'