कोपी (ऊसतोड कामगारांचा निवारा)

कोपी म्हणजे ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात राहण्यासाठी बांबू, तट्टे, उसाचे पाचट आणि ताडपत्री यांपासून उभारतात ती तात्पुरती झोपडी होय. तिचे साहित्य सुटे असते. ते ठरलेल्या जागी जुळवून कोपी उभी केली जाते आणि हंगाम संपल्यावर उतरवली जाते. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात, पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांसह, दिवाळीच्या सुमारास कोप्यांचे तळ दिसू लागतात आणि उन्हाळा सुरू होताना ते मोडतात. या काळात, म्हणजे साधारणतः पाच ते सहा महिने, कोपी हेच कामगार कुटुंबाचे घर असते.

नाव

खोप, खोपी, खोपट हे मराठीतील शब्द कोपीला अर्थाने जवळचे आहेत. शेतातील राखणीच्या झोपडीलाही अनेक भागांत खोपी किंवा खोपट म्हणतात. मेंढपाळ व भटक्या समाजांच्या कापडी निवाऱ्याला पाल म्हणतात. पाल हे त्या कुटुंबाच्या मालकीचे असते व त्याच्याबरोबर फिरते. कोपीचे बांबू व तट्टे मात्र पूर्वापार कारखान्याकडून मिळत आले आहेत. कोपी आणि पाल यांतील हा महत्त्वाचा फरक आहे.

पार्श्वभूमी

तोडलेल्या उसातील साखरेचे प्रमाण वेळ जाईल तसे घटत जाते. त्यामुळे तोडणीनंतर शक्यतो एका दिवसाच्या आत ऊस गव्हाणीपर्यंत पोहोचणे इष्ट असते. कारखाना रात्रंदिवस चालतो आणि त्याला उसाचा सतत पुरवठा लागतो. या गरजेमुळे तोडणी करणारे मनुष्यबळ कारखान्याजवळ किंवा फडाजवळ मुक्कामाला असावे लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची संख्या वाढत गेली. तोडणीसाठी बीड जिल्ह्यातून, तसेच अहिल्यानगर जिल्ह्याचा पाथर्डी-शेवगाव भाग, जालना, परभणी, जळगाव, नाशिक इत्यादी भागांतून कामगार येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतराला अधिक वेग आला.

कामगारांची भरती मुकादमामार्फत होते. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकट्या व्यक्तीला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात व ती तोडणीच्या मजुरीतून फेडली जाते. कोपीचे साहित्यही सामान्यतः कोयत्याच्या हिशेबाने वाटले जाते. त्यामुळे एका कोयत्यामागे एक कोपी असे प्रमाण पडते. मुले व वृद्ध माणसे याच कोपीत राहतात.

साहित्य

कोपीसाठी पुढील साहित्य लागते.

बांबू : उभ्या मेढी, आढे आणि वासे यांसाठी.
कामट्या : बांबू चिरून केलेल्या लवचिक पट्ट्या, कमानीसाठी.
तट्टे : बांबूच्या विणलेल्या चटया, छप्पर व भिंतींसाठी.
पाचट : उसाची वाळलेली पाने. ती फडात विनामूल्य मिळतात व आच्छादनासाठी वापरली जातात.
ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद : पाऊस व दव अडवण्यासाठी. बहुतेक वेळा कामगार हे स्वतः आणतात.
सुतळी, काथ्या किंवा जुन्या साडीच्या चिंध्या : बांधणीसाठी.

या बांधणीत खिळे किंवा बिजागऱ्या जवळजवळ वापरल्या जात नाहीत. सर्व सांधे गाठींचे असल्याने हंगामाअखेर साहित्य न मोडता सुटे करता येते.

उभारणी

जागेची निवड कारखाना, मुकादम किंवा शेतमालक करतो. काळ्या जमिनीत पाणी साचते व चिखल होतो. म्हणून मुरमाड माळ, कालव्याची कड किंवा पडीक रान पसंत केले जाते. जागा ठरल्यावर गवत व दगड काढून ती सपाट केली जाते.

कोपीचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. आढ्याच्या कोपीत दोन्ही टोकांना दुबेळके असलेल्या मेढी रोवतात. त्यांवर आडवे आढे ठेवून दोन्ही बाजूंनी तिरपे वासे टेकवतात. दोन्ही उतार जमिनीपर्यंत येत असल्याने हिला वेगळ्या भिंती नसतात. कमानीच्या कोपीत कामट्या वाकवून त्यांची दोन्ही टोके जमिनीत पुरतात आणि त्यांवर तट्टा गोलाकार बसवतात. सांगाडा झाल्यावर तट्टे बांधताना खालचा तट्टा आधी व वरचा त्यावर थोडा चढवून बांधावा लागतो. हा क्रम उलटला तर पावसाचे पाणी जोडातून आत येते. तट्ट्यांवर ताडपत्री, त्यावर पाचटाचा थर आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून आडवे बांबू, दोऱ्या किंवा दगड ठेवले जातात.

कोपीची पाठ शक्यतो वाऱ्याच्या दिशेला ठेवतात. भोवती उथळ चर खणून त्याची माती कडेला दाबली जाते. त्यामुळे बाहेरचे पाणी आत शिरत नाही. जमीन चोपून शेणाने सारवली जाते. प्रवेशद्वार बुटके असल्याने वाकूनच आत जावे लागते आणि मध्यभागी प्रौढ माणूस जेमतेम उभा राहू शकतो. खिडकी नसते. चूल दाराबाहेर तीन दगडांवर मांडतात व थंडीत किंवा पावसात ती आत घेतली जाते. गावाहून आणलेली ज्वारी-बाजरीची पोती, कपड्यांची पेटी आणि भांडी मागच्या बाजूला ठेवतात. बैलगाडी असल्यास बैल कोपीसमोरच बांधले जातात.

पोहोचल्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी कोपी उभी राहणे आवश्यक असते, कारण तोडणी लगेच सुरू होते. मेढी रोवणे व आढे चढवणे बहुधा पुरुष करतात. सपाटीकरण, सारवण, चूल आणि पुढील देखभाल स्त्रियांकडे असते. तोड दूरच्या गावी सरकल्यास टोळीला हंगामाच्या मध्येच कोपी उतरवून पुन्हा उभारावी लागते.

तळाचे प्रकार

वाहतुकीच्या पद्धतीनुसार तळाचे स्वरूप बदलते. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्यांच्या ‘गाडी सेंटर’मध्ये कारखान्याजवळ शेकडो कोप्यांची वस्ती होते. कारखान्याच्या रबरी चाकांच्या गाड्या वापरणाऱ्या ‘टायर सेंटर’ची वस्ती त्याहून लहान असते. ट्रक किंवा ट्रॅक्टरमध्ये डोक्यावरून मोळ्या भरणाऱ्यांच्या ‘डोकी सेंटर’मध्ये काही मोजक्या कोप्या गावाजवळ किंवा थेट शेतात असतात. वस्ती जितकी लहान व विखुरलेली, तितक्या तेथे पाणी, शाळा व आरोग्यसेवा पोहोचण्याच्या अडचणी अधिक असतात.

शिरूर व दौंड तालुके

हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथील ऊसशेती नद्या व कालव्यांवर अवलंबून आहे. दौंडमध्ये भीमा व मुळा-मुठा नद्यांचा काठ आणि खडकवासला प्रकल्पाचा नवा मुठा उजवा कालवा, तर शिरूरमध्ये भीमा व घोड नद्यांबरोबर चासकमान व घोड प्रकल्पांचे कालवे यांमुळे ऊसक्षेत्र विस्तारले. दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना, आलेगाव येथे दौंड शुगर आणि राहू परिसरात श्रीनाथ म्हस्कोबा साखर कारखाना आहे. शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना व जातेगाव बुद्रुक येथे व्यंकटेशकृपा साखर कारखाना उभारले गेले. ज्या भागातून कामगार येतात तो अहिल्यानगर जिल्हा शिरूरच्या सीमेला लागून आहे.

शिरूर तालुका वन विभागाच्या जुन्नर वनविभागात मोडतो. या भागात बिबटे उसातच आसरा घेतात व तेथेच पिल्ले वाढवतात. तोडणीमुळे त्यांचा आसरा हलतो. कोपीला मजबूत दार नसल्याने फडालगत राहणारी कुटुंबे, विशेषतः लहान मुले, व त्यांची जनावरे धोक्यात येतात.

जीवनमान व धोके

पाचट, तट्टे व प्लॅस्टिक हे सर्व ज्वलनशील आहेत. शेजारच्या कोप्या जवळजवळ असल्यास एका चुलीची ठिणगी अनेक संसार जाळू शकते. अवकाळी पावसात जमीन ओली होते व धान्य भिजते. थंडीत कडेच्या फटींतून गारवा येतो. सर्प व विंचू यांचे भयही असते.

बहुसंख्य तळांवर शौचालय व न्हाणीघर नसते. चार बांबूंना साड्या गुंडाळून स्त्रिया आडोसा करतात. पाणी कालवा, विहीर किंवा टँकरवरून आणावे लागते. पहाटे तोडणीला जाण्यापूर्वी स्वयंपाक व पाणी भरणे उरकायचे असल्याने स्त्रियांचा दिवस पुरुषांच्या आधी सुरू होतो. गरोदरपणातही काम सुटत नाही आणि प्रसूती कोपीतच झाल्याची उदाहरणे आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती.

आई-वडील फडात असताना कोपी, धाकटी भावंडे व सामान यांची राखण मोठ्या मुलांवर, विशेषतः मुलींवर, येते. त्यामुळे त्यांचे शिक्षण खंडित होते. यावर उपाय म्हणून काही तळांवर साखरशाळा चालवल्या गेल्या. मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांचाही प्रयोग झाला.

कायदा व शासकीय उपाय

आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, १९७९ मध्ये स्थलांतरितांना योग्य निवास पुरवण्याची तरतूद होती. परंतु तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरताच मर्यादित होता. बीडहून पुणे जिल्ह्यात येणारा कामगार त्याच्या कक्षेबाहेर राहिला. कामगार व कारखाना यांच्यामध्ये मुकादम असल्याने निवासाची जबाबदारी नेमकी कोणाची हा प्रश्नही वादाचा ठरत आला आहे.

राज्य शासनाने २०१९ मध्ये लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले. त्याच्या निधीसाठी गाळप केलेल्या उसावर प्रतिटन १० रुपये कारखान्यांकडून घेण्याची व्यवस्था करण्यात आली. कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या प्रश्नांची स्वतःहून दखल घेतली.

बदलते स्वरूप

पाचटाची जागा आता मोठ्या प्रमाणात ताडपत्री व प्लॅस्टिकने घेतली आहे. त्यामुळे कोपी लवकर उभी राहते, पण दिवसा ती अधिक तापते. काही ठिकाणी पत्र्याची खोपटी किंवा कापडी तंबूही दिसतात. ऊसतोडणी यंत्रांच्या वाढत्या वापरामुळे कोप्यांची गरज कमी होईल अशी चर्चा आहे. मात्र लहान व विखुरलेल्या शेतांत हाताने तोडणीची पद्धत टिकून आहे.

अन्य जुळणी-निवाऱ्यांशी तुलना

सुट्या भागांतून घर जुळवण्याची कल्पना जगभर आढळते. मंगोलियातील गेर जाळीदार लाकडी भिंती व नमद्यांनी उभारला जातो. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, पीटर निसेन यांनी सैनिकांसाठी अर्धगोल पत्र्याची झोपडी तयार केली. युरोपात बागेसाठी लाकडी खोल्यांचे सुटे संच विकत मिळतात व ते घरमालक हौसेने जुळवतात. कोपीची कृती या साऱ्यांसारखीच आहे, पण तिच्यात जमीन, निवड आणि सवड या तिन्ही गोष्टी राहणाऱ्याच्या हाती नसतात.

हे सुद्धा पहा

ऊस
साखर कारखाना
साखरशाळा
पाल
शिरूर तालुका
दौंड तालुका