खानदेशचे गवत आणि कझानलिकचा गुलाब

एकोणिसाव्या शतकात कझानलिकच्या गुलाबतेलाची ख्याती युरोपभर होती. आज बल्गेरियात असलेले हे खोरे त्या शतकात बहुतांश काळ उस्मानी साम्राज्यात होते. तेथील महागड्या गुलाबतेलात पुष्कळदा भेसळ असे ती खानदेशातील रोशा गवताच्या तेलाची.

पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे हा या धंद्याचा मुलूख. पावसाळा सरताना गवत फुलोऱ्यावर आले की ते कापून भट्टीवर पाण्यासह उकळत आणि वाफ थंड करून वर तरंगणारे तेल काढून घेत. मुंबईहून ते तांबड्या समुद्रातील बंदरांत जाई, तेथून कॉन्स्टँटिनोपलला. तिकडचे व्यापारी त्याला लिंबाचा रस आणि ऊन देऊन त्याचा उग्रपणा घालवीत. गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांवर हे तेल शिंपडण्याची युक्तीही होती. युरोपात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. वस्तुतः ते तुर्कीही नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते.

१८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच भारतीय तेलातून एक सुगंधी अल्कोहोल वेगळे केले. बाजारातल्या त्या चुकीच्या नावावरून त्याचे नाव पडले जिरॅनिऑल, आणि तेच आजही पाठ्यपुस्तकांत आहे. रोशा तेलाचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग जिरॅनिऑलचा असतो. गुलाबतेलातही सिट्रोनेलॉलच्या जोडीने तेच प्रमुख घटक आहे. म्हणजे ही भेसळ केवळ वासाच्या साधर्म्यावर चाललेली नव्हती. गवतातला आणि गुलाबातला रेणू एकच होता. नाकाला दोष देण्यात अर्थ नाही.

पारख करणारे मग गोठण्यावर विसंबत. अस्सल गुलाबतेलात मेणासारखे पदार्थ असल्याने ते थंडीत गोठते, रोशा तेल गोठत नाही. भेसळ करणाऱ्यांनी त्यावरही उपाय शोधला: तेलात स्पर्मासेटी, म्हणजे व्हेलच्या डोक्यातील मेण, घालायचे.

खानदेशातील तेल काढणाऱ्यांना मात्र गवताची पारख होती. ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ हे रोशाचे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे. पण सोफियात जिरॅनिऑल कमी, म्हणून भावही कमी. गवताचे शास्त्रीय नाव, सिम्बोपोगॉन मार्टिनी, पडले ते क्लॉड मार्टिन या सेनाधिकाऱ्यावरून. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्याने बालाघाटच्या पठारावरून याचे बी आणले होते.

गुलाबाचे वेगळेपण सांगणारा डॅमॅसेनोन हा घटक बल्गेरियन तेलात सापडला तो १९७० साली. त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.