सार्वजनिक पैशाचे पाणी

महाडचा सत्याग्रह आपण पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्काचा लढा म्हणून दरवर्षी स्मरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या लढ्यात आणखी एक प्रश्न होता : सार्वजनिक पैशातून जे उभे राहते वा राखले जाते, ते कोणाचे?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व सांभाळलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. मात्र ते कागदावरच. ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचे सरकारी अनुदान थांबवावे, अशी शिफारस कौन्सिलला १९२६ साली करावी लागली.

बाबासाहेब सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या त्या नेत्याला सरकारी तिजोरीचा हिशेब पुरता ठाऊक होता. सनातन्यांनी लोकांना मारहाण केली, पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात दाखल झाला आणि तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला.

या दाव्याचे मर्म आपण नीट ओळखले पाहिजे. तळे सार्वजनिक ठरले तर बहिष्काराचा आधारच ढासळत होता. म्हणून ते खासगी ठरवण्याचा खटाटोप होता. खालच्या न्यायालयांत तळे नगरपालिकेचे ठरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनादी रूढीचा दावाही अमान्य केला. एका ओंजळीचा न्याय मिळण्यास दहा वर्षे लागली.

बोले ठरावातील ते सूत्र पुढे संविधानात आले. अनुच्छेद १५(२) नुसार राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत जातीच्या कारणावरून कोणालाही अडवता येत नाही. लोकांच्या पैशातील पाणी लोकांचे, हा मूलभूत हक्क झाला.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. सरकारी आकडेवारीनुसार ही संख्या आता १५ कोटींच्या वर गेली आहे. ही गुंतवणूक आवश्यक आहे आणि तिचे आम्ही स्वागत करतो. तथापि नळांची एकूण संख्या मोजताना जलवाहिनी वस्तीच्या कोणत्या टोकाला संपते, हेही मोजले पाहिजे. स्वच्छतेच्या बाबतीत तर हिशेब अधिक कठोर आहे. हाताने मैला साफ करण्यास १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. तरीही गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये द्यावा लागला. शौचालये बांधण्यास निधी मिळतो. मग गटारात माणूस उतरू नये म्हणून यंत्रांना तो प्रथम का मिळू नये?

परदेशात आमची मुले नळ उघडतात आणि विचार न करता पाणी पितात. तसेच असायला हवे. परंतु २० मार्च २०२७ रोजी महाडला शंभर वर्षे पूर्ण होत असताना आपण त्यांना केवळ शौर्यकथा सांगू नये. आपापल्या गावच्या ग्रामपंचायतीने पाण्यावर किती खर्च केला आणि त्यातील किती आपल्या वस्तीपर्यंत पोहोचला, हे विचारण्यासही शिकवावे. माहितीचा अधिकार हाती आहे. चवदार तळ्याने दिलेला प्रश्न विचारत राहणे, हेच त्या दिवसाचे खरे अभिवादन ठरेल.

जय भीम.