स्वहित, परहित आणि सुनापरान्ताचा पुण्ण

भिक्खू कशासाठी? परिपूर्ण पुरुष घडावा म्हणून, की समाजाचा सेवक घडावा म्हणून? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हा प्रश्न उपस्थित केला आणि केवळ स्वतः परिपूर्ण झालेला भिक्खू अखेर स्वार्थीच ठरतो, असे स्पष्ट बजावले. काही पंडितांना हे बोलणे झोंबले. आमच्या मते त्याला पुरावा उत्तर कोकणातच आहे.

जव्हार तालुक्यातील जामसरचा डोंगराळ टापू सोपारा-डहाणूचा किनारा आणि त्र्यंबक-नाशिक यांच्या दरम्यान येतो. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनित केला. अट्ठकथेने पुण्ण स्थविराचे नाते याच नगराशी जोडले आहे. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात तो सुनापरान्तात जाण्याची इच्छा दर्शवितो. तेथील लोक उग्र आहेत. शिव्या देतील, मारतील, प्राणही घेतील, असे भगवान त्यास सुचवितात. पुण्ण डगमगत नाही. पुढचा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो: त्याच एका वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात स्थिर केल्या, आणि त्याच वर्षावासात त्याला तीन विद्याही प्राप्त झाल्या. सुत्तात लोकांचा उल्लेख आधी येतो, स्वतःच्या प्राप्तीचा नंतर.

नहपानाचा जावई उषवदात याचे नाशिकच्या लेण्यांतील लेख वाचताना मात्र मन द्विधा होते. ब्राह्मणांना दिलेल्या तीन लक्ष गायी हा पुण्याचा व्यापार वाटतो. परंतु शूर्पारकातील विश्रामगृह, आणि पारदा, दमण, दाहनुका आदी नद्यांवर ठेवलेल्या विनामूल्य नावा? दाहनुका म्हणजे डहाणूचीच नदी. त्या नावेत बसणाऱ्याची जात कोणी विचारली असेल, असे त्या लेखात तरी नाही.

तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकीर्दीत, शक उपासिका विष्णुदत्ता हिने त्रिरश्मी विहारातील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अक्षयनिधी ठेवला. हेतू लिहिला सर्व सत्त्वांच्या हितसुखाचा. औषध मात्र संघापुरतेच. याच डोंगरांत, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने आदिवासी बालके दगावली, तेव्हा 'सर्व सत्त्व' या शब्दांत ती मुले धरली होती की नाही, हा प्रश्न आम्हांस त्या लेखापाशी अडवितो.